थर्माकोलचे किल्ले सोडून मुलांकडून खरंखुरं इतिहासाचं प्रदर्शन कसं करून घ्यायचं

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला. नववीच्या मुलांकडून शाळेत वस्तुसंग्रहालयासारखं प्रदर्शन करून घ्यायचंय, मागच्या वर्षी केलं तेव्हा थर्माकोलचे किल्ले आणि नेटवरच्या कलर प्रिंट आल्या, निम्मं काम पालकांनी केलं, पाहुण्यांनी विचारलं तर मुलांना काही सांगता येईना, आणि आता मुख्याध्यापक विचारतायत की एवढे तास घालवून मुलं नक्की शिकली काय. तुम्ही विचारलंय की विषय कसा निवडायचा, मुलांवर किती सोडायचं, तास कुठनं काढायचे आणि मार्क कसे द्यायचे. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका हायस्कूलला २४ वर्षं इतिहास शिकवतोय आणि त्यातली १० वर्षं दरवर्षी नववीचं प्रदर्शन होतंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी मुख्य गोष्ट. माझ्या अनुभवात अशा उपक्रमात मुलं इतिहास शिकतात ती दोनच ठिकाणी. एक, कोणती वस्तू ठेवायची नाही हे ठरवताना. आणि दोन, लेबलवर स्वतः लिहिलेलं वाक्य पुरावा नाही म्हणून स्वतःच्या हाताने खोडताना. टेबलं लावणं, रांगोळी, फुगे, पताका हे सगळं छान दिसतं पण ती हस्तकला झाली. तुमच्या मागच्या प्रदर्शनात मुलांना ही दोन्ही कामं करायलाच मिळाली नसणार, कारण किल्ला करायला दिला की काय ठेवायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि माहिती नेटवर तयार असते, मग मुलाला ठरवण्यासारखं उरतं काय, फक्त रंग.

विषयाचं म्हणाल तर मोठा विषय घेऊ नका. 'मराठ्यांचा इतिहास' किंवा 'स्वातंत्र्यलढा' घेतला की मुलं पुस्तकात शिरतात आणि बाहेर येतच नाहीत. विषय असा हवा की ज्याच्या वस्तू मुलांच्या घरात माळ्यावर पडल्यात आणि ज्याचे साक्षीदार अजून ओट्यावर बसलेले सापडतात. आमच्याकडे तो विषय म्हणजे १९७२ चा दुष्काळ. आम्ही पहिल्यांदा घेतला आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी नव्या मुलांबरोबर परत घेतो, दरवेळी वेगळं काहीतरी निघतं. तुम्ही पुण्याच्या बाजूला आहात तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर घ्या, त्या पिढीची माणसं आता ऐंशीकडे झुकलीत, उशीर करू नका. पाटणकडच्या शाळेला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आहे, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, लालबाग-परळच्या शाळेला १९८२ चा गिरणी संप. नववीचं पुस्तक तसंही स्वातंत्र्यानंतरच्या भारताचंच आहे आणि पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा आहे, म्हणजे तुम्ही अभ्यासक्रमाच्या बाहेर जाताय असं कुणी म्हणू शकत नाही, उलट पहिला धडा वर्षभर चालवताय.

विषय ठरला की लगेच वस्तू आणायला सांगू नका. आधी एक प्रश्न ठरवा, आणि तो मुलांनी ठरवायचा. आमच्या पहिल्या वर्षी मुलांनी फळ्यावर लिहिलं 'दुष्काळ : एक भयाण वास्तव'. मी म्हटलं हे नाव झालं, प्रश्न कुठाय? दोन तास गेले त्यात, पण शेवटी मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, 'सर, पण मग त्या साली माणसं जगली कशी?' तोच प्रश्न घेतला. हा प्रश्न हातात असला की प्रत्येक वस्तूला विचारता येतं, बाई तू या प्रश्नाचं काय उत्तर देतेस? काहीच देत नसेल तर कितीही जुनी, कितीही देखणी असली तरी ती घरी परत. एका मुलाने पणजोबांची तलवार आणली होती, सगळा वर्ग वेडा झाला, आणि निवड समितीतल्या पोरींनी ती परत पाठवली. तो मुलगा दोन दिवस रुसला. पण पुढे त्याच मुलाने घरातली बारदानाची पिशवी आणली आणि ती प्रदर्शनात पहिल्या टेबलावर गेली, कारण तिच्यातनं कंट्रोलची, म्हणजे रेशनची, मिलो यायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मिलो म्हणजे बाहेरून आलेली तांबडी ज्वारी. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून नाव काढलं की तोंड वाकडं करतात. 'भाकरी तांबडी व्हायची, थापताना तुटायची, पर पोटाला तीच.' सलग दोन-तीन वर्षं पाऊस हुकलेला, १९७२ ला तर विहिरी आटल्या, जनावरं विकली किंवा सोडून दिली, आणि सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पुस्तकात हे एका ओळीत येतं. पण घरातलं घमेलं हातात घेऊन आजी सांगायला लागली की तीच ओळ मुलाला कळते.

वस्तू गोळा करायच्या आधी मुलांना एकदा खऱ्या संग्रहालयात न्या. आम्हाला औंध जवळ, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं भवानी संग्रहालय, तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. पण सगळं संग्रहालय दाखवू नका, प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर २० मिनिटं बसायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या, लेबल काय सांगतंय, लेबल काय सांगत नाहीये, आणि ही वस्तू शेजारच्या वस्तूजवळच का ठेवली असेल. तुम्हाला पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथे तर आणखी सोपं, कारण तिथे अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. मुलांना पहिल्यांदा पटतं की आपल्या घरातलं पण इतिहास असू शकतं. सहल म्हणून नेऊ नका हो, डबा-गाणी-गोंधळ यात वस्तू बघायची राहून जाते, ४० मुलांची एक तुकडी असेल तर दोन खेपा करा.

आता वस्तू आल्यावर काय. इथे मी पहिल्या वर्षी मोठी चूक केली आणि ती अजून मनाला लागते. एका मुलीने आजोबांचं त्या काळातलं रेशनकार्ड आणलं होतं, मी ते नीट दिसावं म्हणून कार्डशीटवर फेविकॉलने चिकटवायला सांगितलं. काढताना मागचं पान फाटलं, आणि मागच्याच पानावर कोणत्या महिन्यात किती धान्य उचललं त्याच्या नोंदी होत्या. त्या घरात त्या वर्षाचा तेवढाच एक कागद उरला होता. मी घरी जाऊन माफी मागितली, आजोबा काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षीपासून आमचे नियम पक्के झाले. जुन्या कागदाला डिंक नाही, सेलोटेप नाही, स्टेपलर नाही, आणि लॅमिनेशन तर अजिबातच नाही. कागद पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नुसता सरकवायचा, किंवा मूळ कागद घरी ठेवून मोबाईलने फोटो काढून प्रिंट लावायची आणि लेबलवर 'छायाप्रत' असं स्पष्ट लिहायचं. पितळेची भांडी चिंचेने घासून आणायची नाहीत हे पण आधीच सांगा, कारण मुलं आणि त्यांच्या आया हौसेने लख्ख करून पाठवतात, आणि काजळीबरोबर त्या भांड्याचा वापर पण धुऊन निघतो.

दुसरं म्हणजे आवक रजिस्टर. जाड वही घ्या, प्रत्येक वस्तूला नंबर, वस्तू कुणाची, कुणी आणली, तारीख, कशाची बनलीय, लांबी-रुंदी, आधीच कुठे तुटलीय, घरच्यांनी तिच्याबद्दल काय सांगितलं, कधी परत द्यायची. आणि घरच्यांना सहीची पावती. नंबर वस्तूवर लिहायचा नाही, दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. हे काम कंटाळवाणं वाटेल पण माझ्या मते अर्धा इतिहास इथेच शिकवला जातो, कारण 'घरच्यांनी काय सांगितलं' आणि 'वस्तूकडे बघून काय दिसतं' हे दोन रकाने वेगळे ठेवले की मुलांना सांगीव माहिती आणि दिसणारा पुरावा यातला फरक आपोआप कळायला लागतो. एकदा एका घमेल्याबद्दल रजिस्टरमध्ये 'बहात्तरचं' असं लिहून आलं आणि मोजमाप घेणाऱ्या मुलीला खाली कंपनीचा शिक्का दिसला, त्यात पिनकोड होता सहा आकडी. पिनकोडची पद्धत सुरू झाली १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे घमेलं अगदीच त्या साली घेतलेलं असणं अवघड, नंतरचंच असणार. आजोबांना विचारलं तर म्हणाले, 'आरं, त्ये मोडलं, ह्ये दुसरं, पर तसलंच व्हतं.' मुलांनी घमेलं ठेवलं, आणि लेबलवर लिहिलं की हे नंतरचं आहे, कामावर असंच घमेलं असायचं. मला त्या वर्षी त्या लेबलचा जेवढा आनंद झाला तेवढा बोर्डाच्या निकालाचाही झाला नाही.

मुलाखतींसाठी दिवाळीची सुट्टी वापरा, तेव्हा सगळी घरं भरलेली असतात, मुंबईचे काका-आत्या पण आलेले असतात. मुलांना 'आजी, दुष्काळाबद्दल सांग' असं विचारू देऊ नका, त्यावर 'लई वाईट दिस व्हते' याच्या पुढे काही येत नाही. वस्तूवरून आणि अंगाला लागणाऱ्या गोष्टींवरून विचारायचं. पहिल्या दिवशी कामावर काय घेऊन गेलीस? पाणी कुठनं प्यायचात? बारकी पोरं कुणाजवळ ठेवायचात? हजेरी कोण घ्यायचं, पगार कुठल्या वारी व्हायचा? सुकडी (कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ) मिळायची का, कशी लागायची? रेकॉर्डिंग २० मिनिटांच्या वर नको, सुरुवातीलाच परवानगी विचारलेली रेकॉर्ड झाली पाहिजे, आणि माणूस गप्प झाला की गप्प बसायचं. हे शेवटचं मुलांना वर्गात आधी सराव करून शिकवावं लागतं. काही आज्या रडतात. कुणाचं तान्हं मूल त्या साली गेलेलं असतं. मुलांना सांगून ठेवा की अशा वेळी फोन बंद करायचा, पाणी आणून द्यायचं आणि ते प्रदर्शनात घ्यायचं की नाही हे आजी ठरवेल, आपण नाही.

आणि कागदांसाठी लांब जायला नको. आपल्याच कपाटात एक खजिना पडलेला असतो आणि आपण इतिहासवाले तो कधी उघडत नाही, तो म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. गावातल्या प्राथमिक शाळेचं जुनं रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्यांच्यासमोर बसून बघितलं. १९७२-७३ च्या पानांवर शाळा सोडल्याच्या रकान्यात ओळीने 'सतत गैरहजर', 'परगावी गेल्याने'. मुलांनी नावं न लिहिता फक्त आकडे उतरवले, मुली किती, मुलगे किती, कोणत्या इयत्तेतले. उतरवता उतरवता एक मुलगी थांबली. तिच्या आजीचं नाव होतं. चौथीत, सतत गैरहजर. आजी घरी नेहमी म्हणायची की मला शाळेचा कंटाळा होता म्हणून सोडली. त्या दिवशी पोरगी घरी गेली, विचारलं, तेव्हा आजी पहिल्यांदा म्हणाली की खडीवर बारक्या भावाला सांभाळायला मलाच न्यायचे. आजीच्या परवानगीने त्या पानाची छायाप्रत, बाकीची नावं झाकून, आणि शेजारी खडी फोडायचा तिच्या आईचा हातोडा असं एकत्र मांडलं. त्या टेबलाला मी हात लावला नव्हता, सगळं त्या पोरीने ठरवलं.

आता लेबल. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. आमचा नियम, लेबल ४० शब्दांच्या आत, पहिल्या वाक्यात वस्तू काय आहे आणि कुणाकडची, दुसऱ्यात ती आपल्या प्रश्नाला काय उत्तर देते, आणि हे आपल्याला कसं कळलं ते. मुलांना सुरुवातीला मी ऊरची गोष्ट सांगतो. इराकमध्ये ऊर या प्राचीन शहराच्या जागी लिओनार्ड वुली हे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ उत्खनन करत होते, १९२५ च्या सुमारास त्यांना एका राजवास्तूत एकाच फरशीवर वेगवेगळ्या शतकांमधल्या वस्तू सापडल्या आणि त्यांच्याबरोबर मातीचा एक छोटा दंडगोल, त्यावर जुन्या वस्तूची माहिती कोरलेली. बॅबिलोनच्या नबोनिडस राजाची मुलगी एन्निगाल्डी-नन्ना हिचा तो संग्रह मानतात, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी पण कुणीतरी विचार करत होतं की बघणाऱ्याला या वस्तूबद्दल थोडक्यात काय सांगू. मुलांना हे ऐकलं की स्वतःचं ४० शब्दांचं काम एकदम मोठं वाटायला लागतं.

लेबल तिघांच्या हातून जातं. पहिला लिहितो, दुसरा प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलने विचारतो 'कशावरून?', तिसरा ते मोठ्याने वाचतो आणि सातवीच्या एका मुलाला कळलं का बघतो. 'कशावरून'ला उत्तर नसेल तर वाक्य जातं. याची दोन उदाहरणं देतो म्हणजे कळेल.

एका गटाने लिहिलं, 'मिलोबरोबर १९७२ साली गाजरगवत भारतात आलं.' आमच्याकडे हे सगळेच म्हणतात, मी पण लहानपणापासून ऐकलंय. तपासणाऱ्या मुलाने 'कशावरून' लिहिलं, मग विज्ञानाच्या मॅडमकडे गेले, त्यांनी कॉलेजमधल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना फोन लावून दिला. तर कळलं की या गवताची पुण्यात नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यालाच झालेली आहे, बाहेरून आलेल्या धान्याबरोबर बी आलं असं मानतात पण बहात्तरच्या आधीच. मग गट म्हणाला लोक खोटं बोलतात का? इथे तुम्ही घाई करू नका, ही चर्चा एक अख्खा तास चालू द्या. शेवटी त्यांनी लिहिलं ते साधारण असं, गावातले सहाजण सांगतात की हे गवत मिलोबरोबर आलं, पुण्यात मात्र ते त्याआधीच होतं, आपल्या शिवारात कदाचित त्या काळात पसरलं असेल म्हणून तसं लक्षात राहिलं. नववीची पोरं स्मृती आणि नोंद यांचा मेळ घालतायत, आणखी काय पाहिजे.

दुसरं, सगळ्या मुलाखतींमध्ये लोक म्हणायचे 'रोजगार हमीवर गेलो'. पण योजना १९७२ ला जाहीर झाली असली तरी दुष्काळ वाढल्यावर बहुतेक लोक होते ते सरकारच्या दुष्काळी कामांवर, रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ ला आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली, ते शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, त्यामुळे मुलांना ते आपल्यातलेच वाटले. पुढे २००५ चा देशाचा कायदा आला तो महाराष्ट्राच्या याच अनुभवावर. लोकांच्या बोलण्यात दोन्ही एकत्र झालेलं आहे. मुलांनी लेबलवर लोकांचा शब्द तसाच ठेवला आणि खाली एका ओळीत कायद्याची तारीख दिली. आणि त्या तारखेमुळेच आमचं प्रदर्शन दरवर्षी २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर उघडतं, सगळं गाव तसंही शाळेत आलेलं असतं, वेगळं बोलवावं लागत नाही.

मुलांवर किती सोडायचं असं तुम्ही विचारलंय. निवड, क्रम, लेबल, नाव हे सगळं त्यांचं. वस्तूची सुरक्षितता, माणसाची इज्जत आणि खोटं विधान, या तीन ठिकाणी शिक्षकाने मध्ये पडायचं. यातलं दुसरं अवघड आहे. एका वर्षी एका मुलीच्या आजीने सांगितलं की कामावर आम्हाला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत, भांड्याला हात लावू देत नव्हते. वर्गात चिडीचूप शांतता. मग काही मुलं म्हणाली हे नको, गावाची बदनामी होईल, काहीजण म्हणाले खरं आहे तर का नको. मी ठरवलं नाही. मी विचारलं, आपला प्रश्न काय आहे? माणसं जगली कशी. मग पाणी कसं मिळालं हे त्यात येतं की नाही? येतं. पुरावा किती? एक. मग आणखी दोघांना विचारा. एका आजोबांनी होय म्हणून सांगितलं, दुसरे म्हणाले आमच्या कामावर तसं नव्हतं. लेबलवर तिन्ही गोष्टी आल्या. आजीला विचारलं तर म्हणाली, 'लावा, पर माजं नाव नगं.' तिच्याच घरातला जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) तांब्या त्या लेबलशेजारी ठेवला. प्रदर्शनाच्या दिवशी त्या तांब्यापाशी मोठी माणसं थांबत होती आणि आपापसात हळू आवाजात बोलत होती. एक-दोघांनी माझ्याकडे नाराजी पण व्यक्त केली. मी त्यांना मुलांकडेच पाठवलं, आणि मुलांनी वही काढून दाखवली कुणी कधी काय सांगितलं ते, नावं झाकून. तुमच्याकडे असं काही आलं तर मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घ्या, नंतर नाही.

मांडणीचं थोडक्यात. बाकडी, वर जुन्या साड्या किंवा सुती चादरी, लेबल कार्डशीटवर मोठ्या अक्षरात आणि म्हाताऱ्या माणसांना न वाकता वाचता येईल अशा उंचीवर. एका टेबलावर चार-पाचपेक्षा जास्त वस्तू नकोत. आमच्याकडे साधारण ९० वस्तू येतात आणि ३० च्या आसपास मांडल्या जातात. जे हलवता येत नाही त्याचं लेबल तिथेच लावा. आमच्या मैदानातला हापसा हा प्रदर्शनाचा शेवटचा थांबा असतो, कारण देशभर गेलेल्या इंडिया मार्क टू हातपंपामागे सोलापूर आणि जालन्यात तयार झालेले पंप आहेत, बहात्तरच्या दुष्काळाने बोअर आणि हापसे गावोगाव पोचायला जोर आला, आणि मुलं रोज त्याच हापशाचं पाणी पितात. तिथे एक मुलगा उभा राहून पाहुण्याला हापसायला लावतो आणि मग सांगतो. आणि एका वर्षी एका पोरीने माझ्याकडे माझी पगाराची स्लिप मागितली. रोजगार हमीला पैसा लागतो म्हणून १९७५ पासून व्यवसाय कर बसवला, तो दरमहा २०० रुपये माझ्या पगारातनं कापला जातो, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. बाकीचे आकडे झाकून स्लिप लावली, शीर्षक, 'सरांच्या पगारातला दुष्काळ'. इतकी वर्षं ती कपात मी बघत होतो पण कशाची ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

प्रत्येक मुलाने एक तरी वस्तू आवक रजिस्टरपासून लेबलपर्यंत स्वतः न्यायची, गट-बिट नंतर. नाहीतर हुशार मुली लेबलं लिहितात आणि बाकीची पोरं टेबलं उचलतात. आणि काम फक्त शाळेत, घरून तयार काही आणायचं नाही, पालकांचा प्रश्न यानेच सुटतो.

प्रदर्शनाच्या दिवशी एक कोरी वही आणि 'आमचं काही चुकलं असेल तर लिहा' अशी पाटी ठेवा. अभिप्राय वही नको, तिच्यात सगळे 'स्तुत्य उपक्रम' लिहून जातात. लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक मुलगा लिहून घ्यायला बसवा. आमच्याकडे या वहीमुळे दरवर्षी चार-पाच लेबलं दुसऱ्या दिवशी बदलतात, म्हणून प्रदर्शन दोन दिवस ठेवतो, पहिल्या दिवशीचं लेबल काढत नाही, एका रेघेने खोडून खाली दुरुस्ती लिहितो.

तासांचं म्हणाल तर ऑगस्टपासून आठवड्यातली एकच तासिका, औंधची एक फेरी, आणि जानेवारीत शाळा सुटल्यावर आठवडाभर रोज एक तास. दोन धडे मला भराभर घ्यावे लागतात हे खरं आहे, पण साधनांच्या धड्यावर आणि आर्थिक विकासाच्या धड्यावर वेगळा वेळ लागत नाही. मार्क प्रदर्शन किती छान दिसलं यावर देऊ नका. मी अंतर्गत मूल्यमापनात तीन गोष्टी बघतो, रजिस्टरमधली नोंद, लेबलचा पहिला आणि शेवटचा खर्डा शेजारी शेजारी ठेवून त्यात काय बदललं, आणि आलेल्यातली एक वस्तू का नाकारली याचं अर्धं पान. मुख्याध्यापकांनी विचारलं मुलं काय शिकली तर हे दोन खर्डे त्यांच्यासमोर ठेवा.

आणि २८ तारखेला वस्तू परत करायच्या, पुढे ढकलायचं नाही. पावती घेऊन मुलाने स्वतः त्या घरी जायचं, वस्तू हातात द्यायची, रजिस्टरवर सही घ्यायची, आणि लेबल पण त्यांनाच देऊन टाकायचं. आमच्या गावात फिरलात तर बऱ्याच घरांत तुम्हाला भिंतीवर घमेल्याचं नाहीतर बारदानाचं ४० शब्दांचं लेबल लावलेलं दिसेल. पावतीचा आणि रजिस्टरच्या रकान्यांचा नमुना हवा असेल तर सांगा, पाठवतो, पण आधी तुमचा प्रश्न काय ठरला ते मुलांकडून ठरवून घ्या.